संखेड्याचा चौथा खांब

बडोद्याच्या मराठी माणसाला डभोईचा रस्ता नव्याने दाखवावा लागत नाही. चांदोदला पितृकार्यासाठी, गरुडेश्वरला श्रीवासुदेवानंद सरस्वतींच्या समाधीच्या दर्शनासाठी आणि पर्वकाळी नर्मदास्नानासाठी आपली माणसे पिढ्यान्पिढ्या याच वाटेने जात आली आहेत. आम्हीही लहानपणी वडिलांचे बोट धरून आणि पुढे मुलांची बोटे धरून या वाटेने अनेकदा गेलो. परंतु गेल्या पावसाळ्यानंतर आम्ही तिकडे निघालो ते तीर्थयात्रेसाठी नव्हे, तर एका खांबासाठी.

आमच्या घरी आजोबांच्या वेळचा संखेड्याचा झोपाळा आहे. तांबूस रंगावर सोनेरी वेलबुट्टी, चार कातीव खांब, वर तुळई आणि पितळी कड्या. त्याचे वैशिष्ट्य असे की प्रत्येक खांबाच्या मधल्या भागाला दोरखंडासारखा पीळ कोरलेला आहे. साध्या संखेडाकामात असा पीळ सहसा दिसत नाही. आजोबांनी तो हौसेने सांगून करवून घेतला होता. पावसाळा सरताना एका खांबाच्या तळाशी मातीची बारीक रेघ दिसली. टोचून पाहिले तो वाळवीने आतून सारे पोखरलेले! खांब तीन तुकड्यांचा, एकाच्या डोक्यावरची खुंटी दुसऱ्याच्या तळच्या भोकात बसवलेला. वरचा तुकडा तेवढा शाबूत होता; खालचा आणि मधला गेला होता.

घरात मसलत झाली. धाकट्या बंधूंचे म्हणणे, आता फ्लॅटच्या दिवाणखान्यात एवढे धूड हवे कशाला? म्हणणे अगदीच चुकीचे नव्हते. परंतु आमच्या मातोश्रींना नव्वदी जवळ आली आहे. दुपारच्या चहापासून दिवेलागणीपर्यंतचा त्यांचा वेळ त्या झोपाळ्यावर जातो. झोपाळा उतरवून भिंतीला टेकवला त्या दिवसापासून त्या खुर्चीवर बसू लागल्या आणि रोज एकदा विचारू लागल्या, "खांबाचे काय झाले रे?" या प्रश्नाला उत्तर देणे आम्हाला भाग होते.

लाकूड मात्र घरचेच होते. जुना वाडा पाडला तेव्हा सागवानी तुळईचा एक तुकडा आठवण म्हणून ठेवला होता. खिळ्यांची भोके आणि चिरलेली टोके वगळता पीळ कोरण्याजोगा जेमतेम दोन फुटांचा एक ठोकळा त्यातून निघत होता. दुसरा निघणार नव्हता. तो ठोकळा फडक्यात गुंडाळून आणि शाबूत खांबांपैकी एकाचा मधला तुकडा नमुन्यासाठी बरोबर घेऊन आम्ही सकाळच्या एस.टी.त बसलो.

वाटेत भिलापूर लागते. याच परिसरात १ एप्रिल १७३१ रोजी बाजीराव पेशवे आणि सेनापती त्र्यंबकराव दाभाडे यांची लढाई झाली आणि दाभाडे पडले. मराठ्यांनीच मराठ्यांशी केलेल्या त्या लढाईची कसलीही खूण आज बसच्या खिडकीतून दिसत नाही. कापसाची आणि तुरीची शेते दिसतात. पुढे डभोई. येथे बस बदलायची होती. मध्ये तासभर हाताशी होता, म्हणून हिरा भागोळीपर्यंत चालत गेलो. तेराव्या शतकातील वाघेला राजांच्या काळच्या या कोटाला चार वेशी आहेत. पूर्वेकडची ही वेस घडवणाऱ्या हिराधर नावाच्या शिल्प्यावर राजाचा कोप झाला आणि त्याला तेथेच जिवंत गाडले, अशी दंतकथा आहे. दंतकथेचे खरेखोटे बाजूला ठेवले, तरी वेशीला नाव राहिले ते राजाचे नव्हे, कारागिराचे.

डभोईचे आणखी एक स्मरण करावयास हवे. खंडेराव महाराज गायकवाडांच्या कारकिर्दीत, १८६२ साली, डभोई ते मियागाम हा अरुंद रुळांचा लोहमार्ग सुरू झाला आणि आरंभी त्यावरच्या गाड्या चक्क बैल ओढीत असत. इंजिने नंतर आली. रूळ नव्या युगाचे आणि ओढणारे जुन्या युगाचे, असा तो संसार काही वर्षे सुखाने चालला. तेव्हा ही आम्हाला केवळ गंमत वाटली. तिचा अर्थ संध्याकाळपर्यंत थोडासा ध्यानात आला.

बडोद्यापासून सुमारे ४५ किलोमीटरवर, ओरसंग नदीच्या काठी संखेडा वसले आहे. हीच ओरसंग पुढे चांदोदजवळ नर्मदेला मिळते. पूर्वी हा तालुका बडोदे जिल्ह्यात होता. २०१३ पासून तो छोटाउदेपूर जिल्ह्यात मोडतो. लाकूड कातण्याच्या यंत्राला गुजरातीत संघाडा म्हणतात आणि गावाचे नाव त्यावरूनच पडले असे सांगतात. आपण ज्यांना कातारी म्हणतो ते येथले खरादी. त्यांच्या गल्लीत शिरले की आधी सागाच्या भुशाचा आणि मग तापलेल्या लाखेचा वास येतो. दारोदार पाळणे, पाट, खुर्च्या, झोपाळ्यांचे खांब वाळत ठेवलेले असतात. या कामाला आता भौगोलिक निर्देशांकाचे संरक्षणही मिळाले आहे.

संखेड्याच्या सोन्यात सोने नसते, हे अनेकांना ठाऊक नसेल. लाकूड कातून, घासून त्यावर रंग देतात. कथील बारीक घोटून सरसात कालवतात आणि त्या रुपेरी लेपाने कुंचल्याने वेलबुट्टी काढतात. ती अकीकाच्या दगडाने घासली की झळकू लागते. मग काम पुन्हा संघाड्यावर चढवून फिरत्या लाकडाला लाखेची कांडी लावतात. घर्षणाने लाख वितळते, पसरते आणि केवड्याच्या पानाने घोटली जाते. त्या पिवळसर पारदर्शक थराखालून पाहिले की रुपेरी कथील सोनेरी दिसू लागते. वरचा थर आणि खालचा धातू मिळून ते सोने होते.

आम्ही ज्यांच्याकडे गेलो ते वृद्ध कारागीर पंच्याहत्तरीच्या पुढचे. आमच्या झोपाळ्याचा तुकडा हाती घेऊन त्यांनी अंगठा पिळाच्या खळग्यातून वरपासून खालपर्यंत फिरवला आणि म्हणाले, "मास्तर, खालचा गोल भाग मी आजही कातून देईन. पण हा पीळ पटाशीचा आहे. संघाड्यावर नुसते गोल होते, पीळ होत नाही. तो हाताने कोरावा लागतो, आणि माझा हात आता ऐकत नाही." त्यांनी उजवा हात पुढे केला. तो थरथरत होता. आम्ही काय बोलणार?

मागच्या पत्र्याच्या शेडमधून त्यांचा मुलगा बाहेर आला. आय.टी.आय. झालेला, तिशीचा. त्याने कर्ज काढून संगणकाच्या आज्ञेवर चालणारे एक छोटे राउटर यंत्र घेतले होते. मेज सुमारे दोन फूट रुंद आणि चार फूट लांब. वर आडवा पूल, त्यावर गरगर फिरणारा कटर. कटर डावीउजवीकडे, पुढेमागे आणि वरखाली असा तीन दिशांनी सरकतो. दारांवरची जाळी, देव्हाऱ्याच्या कमानी अशी सपाट कामे त्याने केली होती. गोल कामासाठी त्याने नुकतीच एक जोडणी आणली होती. तिला तो 'रोटरी' म्हणत होता, म्हणजे यंत्राचा चौथा अक्ष. एका टोकाला लाकूड पकडणारा चक आणि तो फिरवणारी मोटार, दुसऱ्या टोकाला लाकडाला आधार देणारे टेलस्टॉकचे टोक. कटर वरून कोरत असता ठोकळा स्वतःभोवती मोजून मापून फिरणार, अशी योजना. दोनतीन लहान कामे तिने झाली होती. एवढ्या जाड आणि लांब ठोकळ्यासाठी मात्र ती कधी बसवली नव्हती.

"साहेब, करून पाहू," तो म्हणाला.

"करून पाहायला लाकूड एकच आहे," वडील म्हणाले आणि आत निघून गेले. कर्जाचा विषय बापलेकांत अजून मिटलेला नव्हता, हे आम्हाला न सांगता कळले.

मुलाने आधी कडुनिंबाच्या ठोकळ्यावर प्रयोग करण्याचे ठरवले आणि आम्ही दिवसभरासाठी त्याचे मदतनीस झालो. पहिली अडचण उंचीची. मेजापासून पुलापर्यंत मोकळी जागा ११० मिलिमीटर. जोडणी मेजावर ठेवली तर तिचा मध्य ६५ मिलिमीटर उंचीवर येई. ठोकळा ८० मिलिमीटर जाडीचा, म्हणजे त्याचा माथा १०५ वर! उरलेल्या ५ मिलिमीटरमध्ये कटर मावणार कोठून? मेज पट्ट्यांचे होते. त्याने कडेच्या दोन पट्ट्या काढल्या आणि जोडणी खालच्या लोखंडी सांगाड्यालाच बोल्टांनी आवळली. ती ६० मिलिमीटर खाली उतरली आणि वर हात फिरायला जागा झाली.

दुसरे काम समांतरतेचे. चक आणि टेलस्टॉक यांना जोडणारी रेषा पुलाच्या चालीशी तंतोतंत समांतर हवी. ती तिरकी गेली तर खांब एका टोकाला मधोमध आणि दुसऱ्या टोकाला एका बाजूला कोरला जाईल. त्याने दोहोंमध्ये २० मिलिमीटर जाडीची सरळ सळई पकडली, कटरच्या जागी मापाची डायल लावली आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत नेली. आम्ही काटा वाचत होतो. दोन टोकांत ०.४ मिलिमीटरचा फरक. बोल्ट किंचित सैल करून त्याने टेलस्टॉकला मोगरीने हलके टोले दिले, पुन्हा आवळले, पुन्हा डायल फिरवली. सहाव्या खेपेस काटा हलेनासा झाला. मग खालीवर तशीच परीक्षा घेऊन एका पायाखाली पितळी पत्र्याची चकती सारली. शेवटी कटरचे टोक सळईच्या माथ्याला टेकवून त्यातून तिची त्रिज्या, म्हणजे १० मिलिमीटर, वजा केली. तो झाला अक्षाचा मध्य. सारी खोली तेथून मोजायची.

दुपारी प्रयोग सुरू झाला. ठोकळा सावकाश फिरू लागला आणि कटर प्रत्येक फेऱ्याला अर्धा मिलिमीटर पुढे सरकत कोरू लागला. १५० मिलिमीटर लांबीला ३०० फेरे. पीळ दिसू लागला तसा आमचाही जीव भांड्यात पडला. काम संपल्यावर वडील बाहेर आले. त्यांनी खिशातून दोरा काढला, जुन्या तुकड्याच्या खळग्यातून नेऊन तेवढ्याच लांबीवर खूण केली आणि तोच दोरा नव्या तुकड्यावर धरला.

"पीळ सुस्त आहे," ते म्हणाले.

मोजले तेव्हा त्यांचे म्हणणे खरे निघाले. त्या लांबीत पिळाचा बरोबर अर्धा वेढा पुरा व्हायला हवा होता. तो सात मिलिमीटर अलीकडेच थांबला होता. ७५ मिलिमीटर व्यासाच्या कामात सात मिलिमीटर! मधला भाग पुरा ४५० मिलिमीटरचा. तेथे हीच चूक तिप्पट होऊन खांब उरलेल्या तिघांशी कधीच जुळला नसता.

मुलगा खजील झाला. पट्टा घसरला असेल, स्क्रू ढिला असेल, म्हणून त्याने चकवर पेन्सिलीची खूण केली, यंत्र शेकडो फेरे फिरवले आणि शून्यावर परत आणले. खूण जागच्या जागी! घसरले काहीच नव्हते. यंत्र जसे गेले तसेच परत आले होते आणि तरीही काम चुकले होते.

आम्ही भाषेचे शिक्षक. परंतु सरकारी शाळेत गणिताचे गुरुजी रजेवर गेले की तो तासही पदरी येतो. आम्ही सहज विचारले, "ठोकळा एक अंश फिरायला मोटार किती पावले टाकते?" त्याने पडद्यावर बोट ठेवले. ३३.३३. हा आकडा आला कोठून, हे मग त्याने सांगितले. मोटारीच्या एका फेऱ्यात २०० पावले. चालक पेटी प्रत्येक पावलाचे दहा भाग करते, म्हणजे २०००. मोटारीचे सहा फेरे होतात तेव्हा चकचा एक, म्हणजे १२,०००. त्याला ३६० ने भागायचे.

वाचकहो, पाटीवर हा भागाकार आपण सर्वांनी केला आहे. तो संपत नाही. तेहतीस पूर्णांक तीन, तीन, तीन, तीन... मुलाने दोन तिनांनंतर हात थांबवला होता. त्यामुळे दर फेऱ्याला १२,००० ऐवजी ११,९९८.८ पावले पडत होती. एका फेऱ्यात सव्वा पावलाचीही तूट नाही. ती कोणाला दिसणार? पण ३०० फेऱ्यांत ३६० पावले, म्हणजे १०.८ अंश, म्हणजेच परिघावर सात मिलिमीटर. परत येताना तीच तूट उलटी भरून निघे, म्हणून खूण जुळत होती. पूर्वीच्या कामांत कटर लांबीच्या दिशेने जाई आणि ठोकळा सबंध कामात एकच फेरा घेई, म्हणून चूक कधी कळली नव्हती. चालक पेटीवर छापलेले आकडे आम्ही वाचले: १०००, २०००, ४०००, ५०००, ८०००. तीनने भाग जाईल असा त्यांत एकही नव्हता. बाकी उरणारच होती. तिची लांबी किती कमी करायची एवढेच आपल्या हाती होते. मुलाने दशांशचिन्हापुढे आठ वेळा तीन लिहिले. आता नऊशे फेऱ्यांनंतरची तूट एका पावलाच्या हजाराव्या भागाएवढी राहणार होती.

कडुनिंबाचा दुसरा तुकडा कोरून होईपर्यंत दिवे लागले होते. वडिलांनी पुन्हा दोरा धरला. खूण खुणेवर बसली. त्यांनी काही न बोलता आमच्या सागवानी ठोकळ्याचे फडके सोडले आणि तो मुलाच्या हाती दिला.

त्या रात्री चहा पिताना आम्ही त्यांना विचारले, "काका, हाताने कोरताना ही बाकी राहत नसे का?"

ते हसले. "राहते तर! हात काय यंत्र आहे? पण प्रत्येक वेढ्याला मी मागच्या वेढ्याकडे बघतो. कमी पडले तर पुढच्यात घेतो. हे बघत नाही. याला सांगितले ते करते." मग मुलाकडे पाहून म्हणाले, "म्हणून याच्याजवळ बघणारा पाहिजे."

मुलाने मान खाली घातली होती. परंतु चेहरा उजळला होता. त्या यंत्राचा उल्लेख वडिलांनी इतक्या मवाळ शब्दांत यापूर्वी केला नसावा. आम्हाला डभोईचे बैल आठवले. १८९० साली सयाजीराव महाराजांनी बडोद्यात कलाभवन काढले तेही आठवले. दादासाहेब फाळके तेथेच शिकले. हाताचा धंदा आणि यंत्राचे ज्ञान यांना एका छपराखाली आणण्याची जी खटपट तेथे झाली, तीच या पत्र्याच्या छपराखाली कोणी न सांगता चालली होती.

दुसऱ्या दिवशी सागवानी तुकड्याची शेवटची कोराई पाच तास चालली. तो सारा वेळ बापलेक यंत्राशेजारी उभे होते. कटरने सोडलेल्या बारीक रेघा वडिलांनी काचकागदाने उतरवल्या. त्या कामात हाताचा कंप आड येत नव्हता. खालचा गोल भाग त्यांनी संघाड्यावर कातला. रंग आणि लाखेसाठी त्यांनी तीन आठवडे मागितले. पिळाच्या खळग्यांत लाखेची कांडी फिरत नाही; तेथे शेगडीची ऊब देऊन हातानेच लाख बसवावी लागते.

खांब न्यायला गेलो तेव्हा एक गोष्ट खटकली. नव्या खांबाचे सोने लखलखीत होते. घरच्या तिघांचे सोने काळाने मधासारखे झाले आहे. आम्ही भीत भीत विचारले, "थोडा जुना दिसेल असा करता येईल का?"

वृद्ध कारागिराने मान हलवली. "येईल. पण करणार नाही. नवा आहे तो नवा दिसू दे, मास्तर. वीस वर्षांत आपोआप मिळून जाईल."

आता झोपाळा पुन्हा उभा आहे. धाकट्या बंधूंनीच वरच्या कड्यांना तेल घातले. मातोश्रींनी चारही खांबांवरून हात फिरवला, नव्यापाशी क्षणभर थांबल्या, "हा तरुण दिसतो," एवढेच म्हणाल्या आणि पायाने जमिनीला हलकासा रेटा देऊन झोका घेतला. वीस वर्षांनी त्या सोन्याचे काय झाले ते पाहायला त्या नसतील. कदाचित आम्हीही नसू. पण दुपारचा चहा आता पुन्हा झोपाळ्यावर होतो आणि रोजचा तो प्रश्न थांबला आहे.